दोन दारांमधली खोली

मैत्रेयी पुण्याहून बंगळूरला आली ती नवऱ्याच्या, श्रीरंगच्या नोकरीमागोमाग. तिची पीएचडी अर्धवट राहिली. पुढे तिचे मार्गदर्शक निवृत्त झाले, आणि परत जायचं म्हटलं तरी कुणाकडे जायचं हा प्रश्न उरला. एचएसआर लेआउटमधल्या एका छोट्या कंपनीत तिला तिच्याच विषयाचं काम मिळालं, म्हणून सगळे तिला नशीबवान म्हणत.

विषय होता पेट्री नेट. यंत्र बांधण्याआधी ते कसं वागेल हे स्क्रीनवर तपासायची ही एक पद्धत. वर्तुळ म्हणजे यंत्राची एखादी अवस्था. पट्टी म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत नेणारी घटना. तिला ट्रान्झिशन म्हणतात. वर्तुळात ठिपका ठेवायचा, सॉफ्टवेअर चालवायचं आणि ठिपका कुठे जातो ते बघत बसायचं.

त्या उन्हाळ्यात यशवंतपूरच्या एका औषधांच्या कारखान्याचं काम आलं. धूळ आत जाऊ नये म्हणून तिथे दोन दारांची चिंचोळी खोली होती. एक दार नीट बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मैत्रेयीने मॉडेल तयार केलं, चालवलं, सगळं सुरळीत होतं. मग तिने टूलमधून दोन नव्या पट्ट्या उचलून टाकल्या, ‘वीज गेली’ आणि ‘वीज आली’, आणि बाण जोडले. ठिपका खोलीच्या वर्तुळात जाऊन बसला तो हलेचना. वीज परत आल्यावर प्रत्येक दार दुसऱ्याकडून ‘मी बंद आहे’ असा निरोप यायची वाट बघत होतं, आणि आधी कुणीच बोलत नव्हतं.

तिने आणखी एक ट्रान्झिशन घातलं, ‘आतलं बटण’. ठिपका लगेच बाहेर पडला.

तिचा साहेब प्रणीत मुंबईचा, वयाने तिच्याहून लहान. तो म्हणाला, “दारांच्या ड्रॉइंगमध्ये बटण नाहीये. मॉडेलमध्ये कुठून आलं?”

“म्हणूनच सांगतेय. बटण हवं.”

“हे ड्रॉइंग कारखान्याला आपणच दिलंय, मैत्रेयी. आता चूक आहे म्हणून सांगायचं? त्यापेक्षा ‘ऑपरेटर बाहेरून रीसेट करतो’ असं ट्रान्झिशन टाक. रिपोर्ट क्लीन जाईल.”

“बाहेरून रीसेट होतं का पण?”

प्रणीतने ड्रॉइंग पुन्हा उघडून पाहिलं. मग म्हणाला, “जाऊन बघू.”

कारखान्यात वादिराज नावाचे सुपरवायझर त्यांना भेटले. जयनगरच्या जुन्या मराठी घरातले, साठीला टेकलेले. मैत्रेयीचं मराठी ऐकून ते खुलले. “या अक्का, मी येतो तुमच्याबरोबर आत. स्वल्प जागा कमी आहे, सांभाळून.” फोन बाहेर ठेवायचा नियम होता. मैत्रेयी आणि वादिराज आत गेले, प्रणीत बाहेर थांबला, दार लागलं. ठरल्याप्रमाणे बाहेरच्या माणसाने मुख्य स्विच बंद केला आणि पुन्हा चालू केला.

दिवे आले. दारं तशीच राहिली.

काचेच्या चौकोनातून प्रणीत दिसत होता. त्याने दार उघडायचं कार्ड लावलं, पुन्हा लावलं. त्याचे ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. मैत्रेयीला आधी क्षणभर बरंच वाटलं. आपलं खरं ठरलं. मग तिच्या लक्षात आलं की हवा आत सोडणारा पंखाही परत सुरू झालेला नाही.

वादिराज भिंतीला टेकून खाली बसले. त्यांचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. “सरी, ठीक आहे, उघडतील आता,” ते म्हणाले. पण त्यांचे डोळे दारावरून हलत नव्हते. “मला बंद जागेचं भय आहे हो. कारखान्यात कुणाला ठाऊक नाही. माझ्या बायकोला, अहल्येला तेवढं ठाऊक.”

“मग आलात कशाला आत?”

“तुम्ही पाहुण्या. तुम्हाला एकटं कसं पाठवणार?”

मैत्रेयी त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. त्यांना बोलतं ठेवायला हवं म्हणून ती काहीबाही विचारत राहिली, अहल्याबाई काय करतात, मुलं कुठे असतात. थोड्या वेळाने त्यांनी उलट विचारलं, “तुम्हाला इथे करमतं का, अक्का?”

ती ‘हो’ म्हणणार होती. तेच ती सगळ्यांना सांगायची. “नाही,” ती म्हणाली. “तिकडे परत जावं तर काही उरलेलं नाही, आणि इथे मी दुसऱ्यांच्या रेघा ओढते. श्रीरंगला बोलले नाहीये कधी.”

वादिराजांनी तिचा हात धरला, की स्वतःला सावरायला धरला, कोण जाणे. त्यांचा तळवा बर्फासारखा गार होता.

शेवटी फिटरने बाहेरच्या दाराच्या बिजागऱ्या काढल्या. पल्ला तिरका झाला तशी हवा आत आली. वादिराजांना फिटर आणि प्रणीतने धरून बाहेर आणलं. प्रणीतने मैत्रेयीला पाणी दिलं.

त्याने दुसऱ्याच दिवशी कारखान्याला चूक कळवली आणि तिथे बटण बसलं. पण तेच ड्रॉइंग आणखी काही कारखान्यांत गेलं होतं. “त्यांनाही आजच लिहायचं,” मैत्रेयी म्हणाली. प्रणीतने त्या कारखान्यांची यादी तिच्याकडे सरकवली. “लिही. माझ्या नावाने लिही.” काहींची उत्तरं आली. काहींची अजून आलेली नाहीत. ती पुन्हा पुन्हा लिहिते, फोन करते.

घरी ती आता न्हाणीघराची कडी लावत नाही. श्रीरंगने कारण विचारलं तेव्हा तिने खोलीतली सगळी हकीकत सांगितली, वादिराजांना जे बोलली तेही. तो मन लावून ऐकत होता.

“पुण्याला परत जायचंय तुला?”

“माहीत नाही. इथे असं नको, एवढं कळतंय.”

“बघू,” तो म्हणाला. अगदी मायेने म्हणाला.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. ती रोज त्याच कंपनीत जाते, लिफ्ट टाळून जिन्याने चढते. श्रीरंग मधूनमधून विषय काढतो, आणि बोलणं पुन्हा त्या ‘बघू’पाशी येऊन थांबतं.