डोहाचं पाणी डोहात

पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेला मिळणाऱ्या एका लहान नदीत, निनाईचा डोह आहे. डोहात खडशी मासे. हातभर लांब, निळसर परांचे, खवले रुपयाएवढे. आता आसपासच्या नद्यांत ते कुठे दिसत नाहीत. इथे टिकले, कारण गावात कुणी त्यांना गळ टाकत नाही. नवी नवरी माप ओलांडण्याआधी डोहावर जाते, मूठभर भात पाण्यात धरते. माशाने भात नेला की मग ती घरात येते.

सुलाबाई नवरी होऊन आल्या तेव्हा मासा येईना. वऱ्हाड उन्हात ताटकळलं, सासू कुरकुरली, कुणीतरी म्हणालं, टाका भात आणि चला. सुलाबाई ओणव्या राहिल्या. मासा आला तेव्हा त्यांचा हात बधिर झाला होता.

पुढे नवरा फौजेत, डोहाकाठचं रान त्यांच्या अंगावर. नवरा गेला, रान राहिलं.

त्या रानाला लागून भावकीतल्या भाऊसोने दगडाची खाण काढली. खाण डोहाच्या तळापेक्षा खोल गेली आणि खडकाच्या फटींतून डोह तिच्यात झिरपू लागला. पाण्यात दगड फोडता येत नाही, म्हणून भाऊसोने मोटर बसवली.

“काकी, तुमच्या बांधावरनं पाइप न्हेतो.”

“न्हे बाबा.”

पाइपातलं पाणी पलीकडच्या ओढ्यात पडून गावाखाली निघून जाई. यंदा चैत्रातच माशांच्या पाठी उघड्या पडल्या. कावळे खडकावर येऊन बसले. पोरांनी काही मासे पिंपात घालून कोयनेच्या धरणाकडे नेले. वाटेतच मासे पांढरी पोटं वर करून तरंगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलाबाईंनी बांधावर बसून करवतीने भाऊसोचा पाइप कापला.

पाणी राखाडी होतं, दगडाच्या भुकटीने जड. ते तसंच डोहात सोडलं असतं तर मासे गुदमरले असते. म्हणून त्यांनी ते आपल्या उसाच्या खोडव्यात घेतलं. एक सरी भरली की फावड्याने तिचं मातीचं दारं मोडून पाणी दुसरीत. भुकटी सरीत बसत गेली आणि शेवटच्या सरीतून निवळलेलं पाणी डोहात उतरलं.

भाऊसो धावत आला. मागे खाणीतले गडी.

“काकी, याड लागलं का तुमास्नी? माझा पाइप कापला!”

“माझ्या बांधावर हुता.”

“आवं, भुकटी बसून रानाचं शिमिट हुईल. खोडवा जाईल, फुडं गवत बी उगवायचं न्हाई.”

“दिसतंय मला.”

“आन् कुणापायी? खायाचं न्हाईत, इकायचं न्हाईत, असल्या माशांपायी?”

“तुझ्या बायकूनं बी भात धरलावता. तवा तू मागं उभा राहून म्हणत हुतास, ये गं बये लवकर, भूक लागलीया.”

गडी हसले. भाऊसोने वळून बघितलं.

“माझ्याकडं परवाना हाय.”

“दगडाचा हाय. पाण्याचा दाखीव.”

“मोटारच बंद करतो! मग बघू डोहात काय येतंय.”

“कर की. खाण भरंल तुझी. भरली की डोह झिरपायचा थांबंल. मला त्ये बी चालतंय.”

भाऊसोने खरंच मोटर बंद केली. मग शेजारच्या तानुबाईकडे गेला, तिच्या बांधावरून पाइप मागायला. तानुबाई शेण थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, “माझ्या दोन सुनांनी भात धरलाय रं त्या डोहात.”

दुपार कलली तशी खाणीतल्या यंत्राची चाकं बुडाली. गडी काठावर येऊन बसले. रिकाम्या बसलेल्या गड्यांकडे बघत भाऊसो मोटरीकडे गेला. मग मोटर सुरू झाली.

राखाडी पाणी पुन्हा खोडव्यात शिरलं. पहिल्या सरीत भुकटीचा थर घट्ट बसत होता आणि तिच्या काठचं एक पान भुकटीने माखून वाकलं होतं. सुलाबाईंनी ते पान तोडून बाजूला टाकलं. पुढचं दारं मोडलं. मग फावडं बांधात रोवून त्या डोहावर गेल्या, भाकरीसोबत आणलेला भात मुठीत घेऊन.

पाणी घोट्याइतकं चढलं होतं. मासे लांब, खडकाच्या सावलीत. मागे मोटर धडधडत होती.

त्यांनी हात पाण्यात घातला आणि तसाच धरून ठेवला.