दार बंद झाल्यावर

अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या ग्रंथालयात मी कामाला होते, तेव्हा तळमजल्यावरच्या खोलीत हार्लन पिकेट कायद्याच्या प्रवेश परीक्षेची शिकवणी घ्यायचा. उंच, पाठीत वाकलेला माणूस. फी घेत नसे.

त्या दिवशी फळ्यावर कोडं होतं. पाच गायक एकामागून एक गाणार, आयडा रूथच्या आधी. यावरून कोणतं विधान खरं असलंच पाहिजे?

वर्गातली टेसा म्हणाली, "आयडा पहिली."

"असू शकते. पण असलीच पाहिजे का?"

"मग?"

"रूथ पहिली नाही. हे मात्र पक्कं."

"सर, तुम्ही एका शब्दावरून किती कीस काढता हो!" टेसा हसली. बाकीचेही हसले.

हार्लन हसला नाही. खडू खाली ठेवून तो खुर्चीवर बसला.

"मी विशीत होतो. एका दुकानात दरोडा पडला. दुकानदार साक्षीत म्हणाला, 'हा असू शकतो.' सरकारी वकिलानं तेच तीनदा घोळवलं. ज्यूरीतल्या पंचांच्या कानात उरलं, 'हाच तो.' चौदा वर्षं आत काढली मी. मग खऱ्या दरोडेखोरानं मरताना कबुली दिली."

टेसाने मान खाली घालून डोळे पुसले.

"रडू नकोस गं पोरी," तो म्हणाला. "प्रश्न पुन्हा वाच."

वर्ग सुटल्यावर मी विचारलं, "हार्लन, इतरांना शिकवतोस, मग तू का नाही बसत परीक्षेला?"

"बसलो होतो. पर्यवेक्षक बाईंनी दार लावून घेतलं आणि मला कोठडीचं दार आठवलं. पेपर कोरा ठेवून बाहेर आलो."

"दार उघडं ठेवा म्हणायचं होतंस."

"म्हणालो. नियमात बसत नाही म्हणाल्या."

त्याची आई ओडेसा तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तो तुरुंगात असताना ती दर रविवारी बसने त्याला भेटायला जायची. एकदा हार्लनसमोरच मी तिच्याजवळ हा विषय काढला. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "दार त्यांनी लावू दे, हार्लन. कडी आतून असते तिथं. तुला वाटलं की उठायचं आणि निघायचं. आता तुला कोण अडवतंय?"

त्या हिवाळ्यात ती गेली. वसंतात हार्लनने पुन्हा नाव नोंदवलं. परीक्षेच्या दिवशी मी खोलीबाहेर व्हरांड्यात थांबले होते. दार लागलं. मी त्याची वाट बघत बसले. एक मुलगा रडवेला होऊन बाहेर आला, हार्लन नाही आला.

शेवटी सगळ्यांबरोबर तो बाहेर पडला. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"दोनदा उठलो," तो म्हणाला. "दारापर्यंत गेलो. कडीला हात लावला, ती हलली, आणि परत येऊन बसलो."

शहरातल्या कायद्याच्या कॉलेजने त्याला संध्याकाळच्या वर्गात घेतलं. पहिल्या दिवशी टेसा त्याच्या शेजारच्या बाकावर होती.