हिरव्या बांगड्यांचं बिल

मंगळवार, सकाळी साडेदहा. स्क्रीनवरची रक्कम दोनशे साठ रुपये. हजर चौघे: सुपरमार्केटचे मॅनेजर माने, इंजिनिअर प्राजक्ता कांबळे, पेठ वडगावच्या बचत गटाच्या सुवर्णाताई आणि मी, फोटोग्राफर. कॅमेऱ्याखाली सुवर्णाताईंच्या हातात होती पंचाण्णव रुपयांची टूथपेस्ट. मशीनने बिल केलं अर्धा किलो कांदा-लसूण चटणीचं.

"आवो, ही पेस्ट हाय की," सुवर्णाताई म्हणाल्या. "चटणीनं दात घासू व्हय?"

कळंबा रोडवरच्या या दुकानात कॅशियर नसलेलं काउंटर बसत होतं. गिऱ्हाइकाने वस्तू कॅमेऱ्याखाली धरायची, मशीन ती ओळखणार, बिल करणार. पण त्याआधी मशीनला प्रत्येक वस्तूचे भरपूर फोटो दाखवावे लागतात. ते काम माझं. उभी, आडवी, उलटी, चुरगळलेली, हातात धरलेली, अशी प्रत्येक वस्तू टिपायची आणि फोटोला तिचं नाव जोडायचं. या नावाला लेबल म्हणतात. चारशे बारा वस्तू, प्रत्येकीचे साठ फोटो. त्याआधी माझी पंचवीस वर्षं लग्नाच्या फोटोंत गेली. नवरी निदान हसते. साबण हसत नाही.

चटणीच्या पाकिटावर बारकोड नव्हता, म्हणजे सगळी भिस्त कॅमेऱ्यावर. गटातल्या अकरा बायका ती चटणी करतात आणि त्यांचा निम्मा माल याच दुकानात खपतो.

माने म्हणाले, "शुक्रवारी मालक बघायला येणार. तोवर जमलं नाही तर चटणी शेल्फवरून काढतो. एका पाकिटापायी एवढं मशीन बदनाम व्हायला नको."

"साहेब, अकरा घरं हायती तेच्यावर," सुवर्णाताई म्हणाल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत.

टूथपेस्टचं खोकं लाल, चटणीही लाल. रंगामुळे घोटाळा झाला असणार, असं मी म्हणालो.

"अंदाज नको, काका. त्यालाच विचारू," प्राजक्ता म्हणाली. ही मुलगी हातकणंगल्याची. पुण्यात नोकरी करून परत आलेली. फोटोचा कुठला भाग बघून मशीनने उत्तर दिलं, ते लॅपटॉपवर रंगवून दाखवण्याची सोय तिच्याकडे होती. तिने तोच फोटो लावला. खोकं कोरंच राहिलं. रंग चढला होता मनगटावर, हिरव्या काचेच्या बांगड्यांवर.

"ताई, आता नुसता हात धरा. रिकामा."

सुवर्णाताईंनी धरला. दोनशे साठ रुपये.

"अगं बया! माझ्या हाताला चटणीचा भाव आला की!"

मग उलगडा झाला. चटणीचे फोटो होते त्या दिवशी सुवर्णाताई माल घेऊन आल्या होत्या आणि "आमची चटणी आमीच धरणार" म्हणून पाकिटं त्यांनीच धरली. बाकी सगळ्या वस्तू दुकानातल्या पुरुषांनी धरलेल्या. इतक्या फोटोंत बांगड्या फक्त चटणीसोबत. मशीनने सोपी खूण पकडली. कुठली वस्तू कुणी धरायची, हे आमच्यापैकी कुणी ठरवलंच नव्हतं.

"मग सोपं आहे," माने म्हणाले. "पाटी लावतो. बांगड्या मागं सारून वस्तू धरावी."

"लावा की. मग बापयमाणसंच येतील दुकानात. आणि घरातली चटणी संपलीया का न्हाय, हे त्यास्नी ठावं असतंय व्हय?"

प्राजक्ताने वाद घातला नाही. "सर, पाटीने मशीन सुधारणार नाही. उद्या ते मेंदीची खूण पकडेल, परवा घड्याळाची. चटणी सगळ्यांच्या हातात हवी आणि बांगड्यांच्या हातात सगळं दुकान."

बुधवारी आम्ही तेच केलं. सुवर्णाताई गटातल्या दोघींना घेऊन आल्या. त्यांनी साबण धरला, गूळ धरला, भडंग धरलं, दाढीचं क्रीमसुद्धा धरलं. चटणी धरली वॉचमनने, मान्यांनी, दोन कॉलेजच्या मुलींनी. मी कॅमेऱ्यातून बघत होतो. सुवर्णाताई कुठलीही वस्तू सरळ धरत नसत. पाकीट आधी दाबून बघत, मग कोपऱ्याला चिमटीत धरत, तारीख बघायला उलटं करत. खरेदीला आलेली बाई हेच करते. इतके दिवस मी शिकवून शिकवून जे हात नैसर्गिक करू पाहत होतो, ते इथे आपसूक मिळत होते. दिवसभर हात वर धरून त्यांनी एकदाही कुरकूर केली नाही.

दुकानात खरेदीला आलेल्या काही बायकांना विचारून त्यांच्या हातांचेही फोटो घेतले. प्राजक्ताने ते वेगळे ठेवले, मशीनला दाखवलेच नाहीत.

"हे का लपवायचे?" मी विचारलं.

"काका, पेपर आधीच फुटला तर पहिला नंबर कुणाचाही येईल."

गुरुवारी त्याच फोटोंवर परीक्षा झाली. टूथपेस्टला टूथपेस्ट, चटणीला चटणी. जिथे खात्री नाही तिथे किंमत न लावता माणूस बोलवायचा, असं तिने मशीनमध्ये बसवलं.

शुक्रवारी मालक आले, सोबत त्यांच्या मातोश्री. मनगटं भरलेली. आजींनी चटणी, गूळ आणि पेस्ट एकेक करून धरली. तिन्हीचं बिल बरोबर आलं. चौथ्या वेळी त्यांनी स्वतःची पानसुपारीची चंची कॅमेऱ्याखाली धरली. स्क्रीनवर आलं: ओळखता येत नाही, मदतनीस बोलवा.

"हुशार हाय की," आजी म्हणाल्या. "आमच्या नातवाला एवढं बी म्हणता येत न्हाय."

चटणी शेल्फवर राहिली. मी मात्र तेव्हापासून फोटोच्या लेबलात वस्तूच्या नावाबरोबर हात कुणाचा तेही लिहून ठेवतो. मशीनला काय दाखवायचं हे आपण ठरवतो, पण त्यातलं काय बघायचं हे ते ठरवतं.

बुधवारच्या कामाबद्दल माने तिघींना बिस्किटांचा पुडा देणार होते. प्राजक्ताने मशीन बसवणाऱ्या आपल्या कंपनीच्या बिलात वेगळी ओळ घातली: 'हात, तीन, एक दिवस.' प्रत्येकी आठशेप्रमाणे चोवीसशे रुपये सुवर्णाताईंनी सही करून घेतले आणि तिथेच तिघींत वाटले.