खिडकीपाशी क्षेपणास्त्र

मागच्या वर्षी नवरात्रात माझ्या दिराने एक क्षेपणास्त्र घरी आणलं. खरं नव्हे, मॉडेल. उडत्या विमानातून दुसऱ्या विमानावर सोडतात, त्याची छोटी नक्कल. पांढरंशुभ्र, शेपटाला पंख, खाली लाकडी स्टँड. स्टँड काढला की गडगडत जायचं. हा माणूस वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात बसून खुर्च्या विकतो. विमानात एकदाही बसलेला नाही. पण घरात असा शिरला, की जणू स्वतःच लढून आलाय.

डोंबिवलीतलं आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीला एकच खिडकी आणि तिच्यापाशी माझी शिलाई मशीन. दुसरीकडे कुठे बसलं तर मला भरदिवसा सुईत दोरा ओवता येत नाही.

"वहिनी, मशीन गॅलरीत घ्या. इथे शोकेस करायचंय," दीर म्हणाला.

"तिथे पाऊस आत येतो," मी हळूच म्हटलं.

"मग प्लास्टिक घाला वरून. देशाची शान आहे ही, कोपऱ्यात ठेवू काय?"

नवरा मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता, तो तसाच बसला. देशाच्या शानेवरची धूळ रोज कोण पुसणार, हे दोघांनाही विचारावंसं वाटलं नाही. दसरा झाला की सुतार येणार, असं ठरलं.

खंडेनवमीला सासूबाई घरातली हत्यारं पुजतात. विळी, नवऱ्याचे पाने, माझी मशीन.

"आई, यंदा आपल्याकडे खरं शस्त्र आहे," असं म्हणून दिराने ते क्षेपणास्त्र पाटावर मधोमध ठेवलं आणि आंघोळीला गेला. सासूबाईंनी हळद कालवली आणि टोकापासून शेपटापर्यंत चांगले पाच पट्टे ओढले. वर कुंकू.

दीर टॉवेलवरच धावत आला. "आई, अगं रंग खराब झाला ना त्याचा."

"शस्त्र म्हणालास ना? हळदीला घाबरतं होय?"

"शोभेचं आहे गं ते."

"मग पाटावर कशाला मांडलंस?"

त्याने थिनर आणून घासलं. पिवळे डाग तसेच राहिले आणि आजूबाजूचा पांढरा रंग तेवढा निघाला. आत बादलीसारखं निळं प्लास्टिक. विमान पाडणारं अस्त्र म्हणे, सासूबाईंच्या एका बोटाने गारद झालं. सुताराला त्याने स्वतःच फोन करून नको म्हणून सांगितलं. आता ते माळ्यावर आहे, गणपतीच्या थर्माकोलमागे.

माझ्या मशीनलाही तेच हळदीचे पट्टे होते. दसऱ्यानंतर ते ओल्या फडक्याने पुसले आणि खिडकीपाशी बसून पहिली शिवली ती दिराची उसवलेली पँट.