मेलेल्या बहिणीच्या नावाचा कागद

कापसावरच्या स्पिरिटचा वास आला की मला अजून माझ्या मेलेल्या बहिणीचं नाव ऐकू येतं. पैठणला एका बाईकडून मी हातावर गोंदून घेतलं होतं. तिनं एकाच सुईनं रांगेतल्या साऱ्याजणींना गोंदलं, हे घरी आल्यावर ध्यानात आलं आणि मला एचआयव्हीचं भय बसलं. सरकारी दवाखान्यात रक्त तपासायला गेले, पण स्वतःचं नाव सांगायची लाज वाटली आणि तोंडातून बहिणीचं नाव निघालं. भय जाईना, म्हणून पुढंही दोनदा तसंच केलं. दर वेळी नर्स तिचं नाव पुकारायची, मी उठायचे, आणि माझ्या पाठीमागं आणखी कुणी उठल्यासारखं वाटायचं. तपासणीच्या तिन्ही कागदांवर काही निघालं नाही, पण ते कागद बहिणीच्या नावाचे होते. घरी महिन्याची नात होती, तिला मी हात लावत नव्हते. सून म्हणायची, "आत्याबाई, पोरीला काटे हायेत का?" चौथ्यांदा मी नर्सला खरं सांगितलं. ती हसली. "अवो मावशी, मशीन रक्त बघतं, नाव नाय. रक्त तुमचंच व्हतं ना?" मी म्हणाले, "व्हय." माझ्या नावाचा कागदही साफ आला. घरी येऊन नातीला मांडीवर घेतलं, तर ती माझ्या खांद्यावरून पलीकडं बघून हसायला लागली. तरी मी तिला खाली ठेवलं नाही. ती आता शाळेत जाते. भय अजून अधूनमधून येतं, तेव्हा मी तिची वेणी घालायला घेते.