मुठीचं माप

दुपारी जेवणानंतर आपण झोपत नाही, नुसते डोळे मिटून बसतो, असं विजयमाला मोहिते पंपावरच्या सगळ्यांना सांगत असते, आणि सगळे मान डोलावतात, कारण तिचं घोरणं केबिनच्या काचेबाहेर ऐकू येतं. विटा रस्त्यावरचा हा पेट्रोल पंप तिच्या वडिलांचा, आबांचा. रोजचा भरणा बँकेत न्यायचा म्हणून आबांनी तीस वर्षांपूर्वी रिव्हॉल्वरचा परवाना काढला. आबांना जाऊन वर्ष होत आलं, परवाना गेल्या आठवड्यात तिच्या नावावर झाला, आणि आज तिच्यापुढे टेबलावर मुठीच्या फळ्यांचे तीन जोड पडले आहेत.

रिव्हॉल्वर कोल्हापुरात इनामदारांच्या दुकानात दुरुस्तीला आहे. जुनी शिसवी मूठ तडकली, आणि दोष कुणाचा म्हणाल तर आक्कांचा, म्हणजे विजयमालाच्या आईचा. खंडेनवमीला शस्त्राला हळदकुंकू लावावं, फूल वाहावं, एवढीच पद्धत. पण आक्कांचं सगळंच सव्वा हात. त्या रिव्हॉल्वरला दरवर्षी पंचामृताने आंघोळ घालायच्या. दूध-मध लाकडात मुरत गेलं, स्क्रू गंजला, आणि इनामदारांनी फळ्या उचकटल्या तेव्हा आतून वाळलेल्या मुंग्या निघाल्या. हत्याराला मुंग्या लागलेल्या आपण पहिल्यांदाच बघतो, असं म्हणत त्यांनी नमुन्याचे तीन जोड तिच्या हातात ठेवले. एक काळ्या रबराचा, एक अक्रोडाच्या लाकडाचा, एक हस्तिदंताची ऐट आणणाऱ्या पांढऱ्या प्लॅस्टिकचा. कोणता बसवायचा ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे.

तिला काही कळवता येत नाही. मूठ निवडायची म्हणजे रिव्हॉल्वर ठेवायचं ठरवायचं, आणि त्याला हात लावायचा आपल्याला हक्क नाही असं तिला मनातून वाटतं. आक्का गेल्या त्यानंतरची गोष्ट. आबांचा हात तेव्हा थरथरायला लागला होता, आणि ते तासन्‌तास रिव्हॉल्वर मांडीवर घेऊन बसायचे. तिने ते दारातून पाहिलं आणि तेव्हापासून ती त्यांच्यावर नजर ठेवू लागली. तेवढ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. निवडणुकीत परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. आबांची सही घेऊन तिने ते जमा केलं, आणि परत आणलंच नाही. आबा विचारायचे, "आचारसंहिता उठली का?" ती म्हणायची, नाही, दुसरी लागली. दोन वर्षं हेच चाललं. आबा गेले ते हेच उत्तर ऐकून. रिव्हॉल्वर ठाण्यातून सुटलं ते परवाना तिच्या नावावर झाल्यावर, आणि तिथून थेट दुरुस्तीला गेलं.

बाहेर हवा भरायचं मशीन एका लयीत धापा टाकतंय. एक ट्रॅक्टर येतो, थांबतो, जातो. ती डोळे मिटते. मशीनची एक धाप आणि दुसरी धाप यांच्यात अंतर पडत जातं, आणि एका धापेनंतर दुसरी येतच नाही.

आबा समोरच्या खुर्चीत बसलेले आहेत. पांढरा शर्ट, खिशाला पेन्सिल. तिला नवल वाटत नाही. आबा आले आणि बाहेरच्यांनी आत येऊन सांगितलं नाही, याचाच तिला जरा राग येतो. आबा तिन्ही जोड उलटेसुलटे करून बघतात. रबराचा जोड ते वेगळा काढतात.

"ही माझी होती," ते म्हणतात.

खरंच आहे ते. थरथरत्या हातातून निसटू नये म्हणून आबांना रबरी मूठ हवी होती. आण म्हणून ते तिच्या मागे लागले होते, आणि तिने आज-उद्या करत टाळलं, मूठ आणली नाही. ते सांगावं म्हणून ती तोंड उघडते, तर टेबल लांबच्या लांब झालेलं आहे. ते ठाण्यातलं मुद्देमालाच्या खोलीतलं टेबल आहे. त्यावर गावातली सगळी हत्यारं जुन्या धोतरांच्या फडक्यांत गुंडाळून ओळीने निजवलेली, आणि प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. खोलीत पेट्रोलचा वास आहे. चिठ्ठ्यांवरचं अक्षर तिचं स्वतःचं आहे.

आबा चष्मा लावून एकेक चिठ्ठी वाचतात. ग्रामपंचायत. जिल्हा परिषद. साखर कारखाना. चौथ्या चिठ्ठीशी ते थांबतात.

"दूध संघ," ते म्हणतात. "माले, चाळीस वर्षं राजकारण केलं मी. दूध संघाच्या इलेक्शनला कुठं बंदुका जमा करत्यात?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. निवडणुका संपत आल्या होत्या आणि खोटं संपत नव्हतं, तेव्हा हाताला लागली ती संस्था तिने पुढे केली होती. गावातली प्रत्येक निवडणूक कोळून प्यालेल्या माणसाला आपण निवडणुकीचीच थाप मारली. आबांनी तेव्हा नुसती मान हलवली होती. तिला वाटलं होतं, म्हाताऱ्याला आता उमगत नाही.

फडकं सोडायला ती हात पुढे करते आणि हात ओट्याला लागतो. आक्कांचं स्वयंपाकघर. पाटावर रिव्हॉल्वर, वाटीत पंचामृत, आणि वाटीच्या काठाने मुंग्या. आबा पाटाशी मांडी घालून बसलेत. पोलीस ठाण्यातला पंखा इथे डोक्यावर फिरतोय, पण वारा येत नाही.

"मी खोटं बोलले, आबा," ती म्हणते.

"व्हय."

"मला भीती वाटायची."

"कशाची, ते बोल."

ते तिने आजवर कुणाकडे बोललेलं नाही. "तुम्ही स्वतःला काही करून घ्याल याची."

आबा बोटाने एक मुंगी वाटीपासून लांब सारतात. "मलाबी तीच वाटायची," ते म्हणतात.

मग ते सांगतात, आणि भाव सांगावा तसं सांगतात. ठाणं घरापासून हाकेच्या अंतरावर. शेजारच्या सलूनात ते रोज पेपर वाचायला जात. फौजदार येता-जाता रामराम करी. एका शब्दावर रिव्हॉल्वर त्याच दिवशी घरी आलं असतं. तो शब्द त्यांनी कधी काढला नाही.

"तुला इचारायचो. तू न्हाई म्हणायचीस. मग मला झोप लागायची."

विजयमालाला रडू येतं. नुसतं दुःखाचं नाही, त्यात राग आहे, सुटका आहे, सगळंच आहे. दोन वर्षं थापा मारताना, आणि त्यानंतर हे वर्षभर, ती आतल्या आत जळत राहिली. निदान सांगायचं तरी होतं, असं ती पदराने नाक पुसत म्हणते.

"बापानं लेकीला सांगायची गोष्ट हाय व्हय ती?" आबा म्हणतात, आणि लगेच कामाला लागतात. रिव्हॉल्वर आपली आठवण म्हणून ठेवायचं नाही, असं ते बजावतात. लागत असेल तर आपल्या हाताची मूठ करून घ्यायची, लागत नसेल तर सरकारजमा करायचं. आठवणीसाठी भिंतीवर फोटो आहे.

लागतं, ती म्हणते. भरणा घेऊन आठवड्यातून तीनदा ती एकटी जाते. मागच्या दिवाळीत दोन मोटारसायकली चार मैल मागे लागल्या होत्या. आबांना हे ठाऊक नव्हतं. ते मान हलवतात आणि तिन्ही जोड आळीपाळीने लावून रिव्हॉल्वर तिच्या हातात देतात. तिन्ही जाडजूड. तिचं बोट घोड्यापर्यंत पोचत नाही.

"हे गड्यांचं माप. हात टाक."

ती उजवा हात कागदावर पसरते. आबा खिशातली पेन्सिल काढून मनगटापासून रेघ ओढायला लागतात. त्यांचा हात थरथरतोय. दोन बोटांच्या बेचक्यात पेन्सिल शिरते तेव्हा तिला गुदगुल्या होतात आणि ती रडता रडता हसते. हलू नको, ते म्हणतात. शेवटी पहिल्या बोटाच्या पेरावर ते एक आडवी खूण करतात, घोडा यायला हवा तिथे. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवतं. पुन्हा वाजवतं.

ट्रक उभा आहे आणि ड्रायव्हर पावती मागतोय. हवेचं मशीन चालू आहे. विजयमाला पावती फाडून देते, तोंडावर पाणी मारते आणि टेबलाशी येते.

डिझेलच्या जुन्या चलनाच्या पाठकोऱ्या बाजूवर पंजा काढलेला आहे. उजवा. पहिल्या बोटावर आडवी खूण आहे. ती हात ठेवून बघते, बरोबर बसतो. ती व्यवहारी बाई आहे. झोपेत डाव्या हाताने आपणच काढला असेल, असं ती स्वतःला समजावते. पेन्सिल डाव्या हातात घेऊन दुसऱ्या कागदावर काढूनही बघते. तो पंजा वेडावाकडा येतो, बोटं कुठल्या कुठे जातात. पण चलनावरची रेघ वेडीवाकडी नाही. ती चुकत कुठेच नाही, फक्त मनगटापासून मनगटापर्यंत बारीक थरथरते.

ती चलनाचा फोटो काढून इनामदारांना पाठवते. तिन्ही जोड नकोत, अक्रोडाचं लाकूड घ्या आणि या मापाची मूठ करा, असं खाली लिहिते. पाच मिनिटांत इनामदारांचा फोन येतो. काम होईल, पण रेघ सगळी हललेली दिसते, ते म्हणतात; माप पुन्हा काढून पाठवता का?

"नको," विजयमाला म्हणते. "काढणाऱ्याचा हात जरा थरथरतो. माप बरोबर आहे."