दोन घड्याळांचा माणूस

ओळख होऊन दोन मिनिटं झाली नाहीत तोच त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं, माझ्या कानाशी धरलं आणि हात हळूहळू लांब नेत विचारलं, "कुठपर्यंत?" टिकटिक ऐकू येईनाशी झाली की सांगायचं, एवढंच. नोकरीचा पहिला दिवस म्हणून मी मुकाट्याने सांगितलं. पुढे पाहिलं तर पोस्टमन, दूधवाला, आमचे संचालक, कुणाचीच यातून सुटका नव्हती. असा एखादा छांदिष्ट तुमच्याही ओळखीत असेल. आपण त्याला हसतो आणि शक्यतो त्याच्या वाटेला जात नाही.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत मी चित्रकार होतो. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसेल ते कागदावर उतरवून द्यायचं, हे माझं काम. हे घड्याळवाले संशोधक मूळचे बेळगावकडचे, म्हणजे मराठी माणूस, म्हणून मला त्यांच्या खोलीत बसायला जागा मिळाली. क्षयावर तेव्हा स्ट्रेप्टोमायसिनची सुई नवीनच आली होती. ती फुप्फुस वाचवायची आणि कधी कधी कान खायची. कुणाचे कान खाणार हे आधीच कसं ओळखायचं, वेळीच कसं थांबायचं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता.

इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दिवाळीत ते आठवडाभर कानात कापूस घालून हिंडत. बंगळूरच्या शिवाजीनगरला बसने भोंगा वाजवला की भर रस्त्यात दोन्ही कानांत बोटं घालून उभे राहत, आणि मग बस आणखी जोरात भोंगा वाजवी. कुणी हसलं तर कन्नड वळणाने म्हणत, "स्वल्प भ्यावं माणसानं. त्यात कमीपणा नाही."

खोलीत गिनीपिगांचे पिंजरे होते. रोज सकाळी ते पिंजऱ्यापाशी बारीक शिटी वाजवत. ज्याला ऐकू येई त्याच्या कानाची पाळी टुणकन हले. सुया दिलेल्या जनावरांपैकी एखाद्याची पाळी एक दिवस हलेनाशी होई, आणि त्या दिवशी ते जेवणाचा डबा उघडत नसत.

मग त्या जनावराच्या कानातली हरभऱ्याहून लहान अशी हाडाची गुंडाळी माझ्यापुढे येई. तिच्यात आवाज टिपणाऱ्या पेशी रांगेत उभ्या असतात, प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक केसांचा झुबका. सुईने त्या मरत, आणि मेलेल्या जागा रिकाम्या दिसत. मी त्या रिकाम्या जागा नीट काढाव्यात असा त्यांचा आग्रह असे. "ह्या पुन्हा उगवत नाहीत," ते म्हणत. "आणि आधी बारीक आवाजाच्या मरतात. बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. घड्याळ जातं, मग पाखरं जातात, आणि माणसाचा आवाज जाईपर्यंत फार उशीर झालेला असतो."

म्हणून ते दर आठवड्याला गावाबाहेरच्या क्षयरोग्यांच्या इस्पितळात घड्याळ घेऊन जात. तिथे एक भलतीच अडचण उभी राहिली. घड्याळ ऐकू आलं नाही तर सुई बंद होते, हे रोग्यांमध्ये पसरलं होतं. आणि सुई बंद म्हणजे मरण, अशी सगळ्यांची समजूत. एका टांगेवाल्याने तर घड्याळ कानापाशी पोचायच्या आतच "येतंय, येतंय" म्हणून टाकलं. त्यानंतर ते शिवाजीनगरच्या जुन्या बाजारात जाऊन एक बंद घड्याळ घेऊन आले. मी बरोबर होतो. दुकानदार परोपरीने सांगत होता, स्वामी, स्वल्प थांबा, आत्ता चालू करून देतो. हे म्हणत होते, नको, बंदच हवं, आणि पुन्हा कधी चालू होणार नाही असं हवं. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मी आकाशाकडे पाहिलं.

तेव्हापासून ते दोन घड्याळं वापरू लागले. मध्येच कधी तरी बंद घड्याळ कानाशी धरायचं. त्यालाही जो "येतंय" म्हणेल तो भ्यालेला आहे, असं समजायचं. "खोटारडा" हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

पुढच्या वर्षी माझ्या बायकोला क्षय निघाला.

ती बंगळूरच्याच चिकपेट बाजारातल्या जुन्या मराठी कापडवाल्यांची मुलगी, बोलण्यात निम्मं कन्नड. आमची मुलगी दोन वर्षांची होती, तिला आजोळी ठेवलं. बायकोला त्याच इस्पितळात खाट मिळाली आणि तीच सुई सुरू झाली. दिवसा मी खोलीत बसून रिकाम्या जागा काढत होतो. इकडे आड तिकडे विहीर असं आपण सहज बोलून जातो, पण मला ती दोन्ही डोळ्यांपुढे दिसत होती.

एका रविवारी मी खाटेच्या पायथ्याशी उभा असताना ते आले. "कुठपर्यंत, अक्का?" म्हणून उजव्या कानाशी घड्याळ धरलं. ती म्हणाली, "येतंय." हात लांब गेला. "येतंय." हात पूर्ण लांब झाला तरी "येतंय." मी खूश झालो. मग त्यांचा चेहरा पाहिला, आणि घड्याळ पाहिलं. सेकंदाचा काटा हलत नव्हता.

तिनेही पाहिलं. "कानात शिटी वाजते अण्णा, कधीची," ती म्हणाली. "पण सुई बंद करू नका. बहिरी झाले तरी सरी, चालेल. मला पोरीपाशी जायचंय."

ते स्टुलावर बसले. "मलाही भीती वाटते अक्का," ते म्हणाले. "दोन्हींची वाटते."

मी मात्र तिच्यावर संतापलो. इतकी मोठी गोष्ट माझ्यापासून लपवली, म्हणून कितीतरी दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. वरिष्ठांपुढे ज्यांची जीभ टाळ्याला चिकटायची ते हे गृहस्थ त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या दारात उभे राहिले आणि सुई थांबवून गोळ्या देण्याचं कबूल करून घेतल्याशिवाय हलले नाहीत. बाहेर आल्यावर मी विचारलं, आणि छातीतलं दुखणं उलटलं तर? ते म्हणाले, "माहीत नाही." इतकं प्रामाणिक उत्तर त्या वेळी मला नको होतं.

पुढचे महिने आम्ही दोघांनी जीव मुठीत धरून काढले. तिच्या छातीचा प्रत्येक एक्स-रे पाहायला ते माझ्याबरोबर येत, आणि फिल्म उजेडावर धरून माझ्याआधी तेच डाग शोधत. हळूहळू डाग विरत गेला. ती घरी आली. घड्याळ गेलं ते गेलंच, पाखरंही गेली. पण मुलगी हाक मारी ती तिला ऐकू येई. मी अजूनही रोज तिच्या पाठीमागून हळूच काहीतरी बोलून पाहतो, आणि तिने उत्तर देईपर्यंत श्वास रोखून धरतो.

साठ सालानंतर काही वर्षांनी ते गेले, दोन दिवसांच्या तापाने. लग्न केलेलं नव्हतं. जयनगरला थोरल्या बहिणीकडे राहत. भेटायला गेलो तर तिने दोन्ही घड्याळं माझ्यापुढे ठेवली. किल्ली द्यायला कुणी नसल्यामुळे दोन्ही बंद होती. चालणारं कोणतं ते तिला ठाऊक नव्हतं, ओळखणं मलाही जमेना. तुम्हीच न्या, म्हणाली.

घरी आल्यावर बायकोने दोन्हींना किल्ली दिली. मी खुर्चीवर डोळे मिटून बसलो होतो. ती मागून आली, माझ्या कानाशी हात धरला आणि विचारलं, "कुठपर्यंत?"

मला काहीच ऐकू येईना. पाचावर धारण बसली. माझेच कान गेले तर हिचे कोण तपासणार, एवढं एकच मनात आलं.

"येतंय," मी म्हणालो.

ती समोर आली आणि तळहात उघडला. काटा हलत नव्हता.

"तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली. मला मान वर करवेना. तेव्हाचा राग आठवला आणि फार लाज वाटली.

तिने दुसरं घड्याळ माझ्या कानाशी आणलं. ते चालू होतं. मला स्वच्छ ऐकू आलं, आणि ते धरणाऱ्या तिला ऐकू येत नव्हतं.

"कुठपर्यंत?" तिने पुन्हा विचारलं, आणि हात मागे न्यायला लागली. मी तो जाऊ दिला नाही, तिथेच धरून ठेवला.